पदवीच्या पुढचें पहिलें वर्ष

मूल दहावीला बसलें म्हणजे घरांतील सारीं माणसें त्याच्याबरोबर परीक्षेला बसतात. आजी देवाला नारळ बोलते, वडील वेळापत्रक भिंतीवर डकवितात, शेजारीपाजारीसुद्धां दूरचित्रवाणीचा आवाज बारीक करतात. पुढें बी. एस्सी., एम्. एस्सी. होईपर्यंत हाच क्रम कमीअधिक प्रमाणांत चालतो. कारण अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल या तीनही गोष्टी घरच्यांच्या ओळखीच्या असतात. परंतु त्याच मुलीनें एके दिवशीं "आतां मी पीएच्. डी. करणार" असें सांगितलें, कीं घर क्षणभर स्तब्ध होतें. पुस्तक कोणतें नेमलें आहे, म्हणून विचारावें, तर तें तिनेंच लिहावयाचें आहे. परीक्षा केव्हां, तर तशी परीक्षाच नाहीं. निकाल केव्हां, तर तीन वर्षांच्या आंत नाहीं, आणि कदाचित् सहा वर्षांनीं. मग आजी विचारते, "म्हणजे ही रोज तेथें जाऊन करणार तरी काय?" हा प्रश्न आमच्या घरांत विचारला गेला, त्या वेळीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें; कारण घरांत मास्तर मी. आणि माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमचें कशेळें हें कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. पूर्वेला भीमाशंकराच्या डोंगररांगा, त्यांच्या अलीकडे पेठचा किल्ला. पावसाळ्यांत भात, आणि भात कापून झालें कीं जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल, हें इकडील शेतीचें रहाटगाडगें. मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून आयुष्यभर खेडोपाडीं मुलांकडून अक्षरें गिरवून घेतलीं. संस्कृत म्हणाल, तर आजोबांपाशीं बसून पाठ केलेला अमरकोश, लघुकौमुदी आणि रघुवंशाचे कांहीं सर्ग, एवढी पुंजी. अशा माणसाच्या पुतणीनें जीवरसायनशास्त्रांत संशोधन करावयाचें ठरविलें, आणि तिच्या पहिल्या वर्षांत जें घडलें त्यांतून मीही कांहीं शिकलों. ज्या घरांतून प्रथमच कोणी या वाटेला निघालें आहे, अशा घरांना त्याचा उपयोग होईल या हेतूनें तें येथें मांडतों.

प्रवेशाची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती कोणत्याही कार्यालयांत कळते. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं जे नियम केले, त्यांप्रमाणें या पदवीला कमींत कमी तीन आणि साधारणतः जास्तींत जास्त सहा वर्षें लागतात. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपणासाठीं २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. पहिल्या काळांत कमींत कमी १२ श्रेयांकांचे वर्ग पुरे करावे लागतात. त्यांत संशोधन कसें करावें आणि दुसऱ्याचें लिहिणें आपलें म्हणून कसें खपवूं नये, हेही शिकवितात. दर सहा महिन्यांनीं एका सल्लागार समितीपुढें उभें राहून काय केलें तें सांगावें लागतें. एका प्राध्यापकापाशीं एका वेळीं आठांहून अधिक विद्यार्थी नसावेत, सहयोगी प्राध्यापकापाशीं सहा आणि सहायकापाशीं चार, अशीही मर्यादा आहे. ही मर्यादा मला फार आवडली. माझ्या एका वर्गांत एके काळीं सत्तर मुलें होतीं.

राष्ट्रीय परीक्षेंत वरचे गुण मिळविणारास शिष्यवृत्ति मिळते. जानेवारी २०२३ पासून ती पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये आणि त्यापुढें ४२,००० रुपये अशी आहे. आंकडा ऐकून आमच्या घरीं आनंद झाला. परंतु कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईपर्यंत आमच्या मुलीच्या हातीं पहिले पांच महिने एक पैसाही आला नाहीं. वसतिगृहाची अनामत, खानावळ, पुस्तकें, सर्व खर्च वडिलांनीं केला. भात विकून आलेली रक्कम त्यांत गेली. म्हणून सांगतों, शिष्यवृत्ति मंजूर झाली असली तरी पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरीं करून ठेवावी, आणि ती केल्याचें मुलीला दहा वेळां ऐकवूं नये.

आवणीचे दिवस होते. शेतांत चिखल, अंगावर इरलें, आणि मी पुतणीची ट्रंक घेऊन एस्. टी. नें कर्जतला आणि तेथून लोकलनें मुंबईला निघालों. तिच्या वडिलांना आवणी सोडून येतां येण्यासारखें नव्हतें. विद्यापीठांत त्या दिवशीं नव्या विद्यार्थ्यांसाठीं परिचयाचा कार्यक्रम होता. पालकांना मागें बसावयास परवानगी होती, म्हणून मीही बसलों. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आठ व्याख्यानें झालीं. ग्रंथालय, वसतिगृह, आगीपासून रक्षण, छळाविरुद्धची समिति, संगणकावरील नियतकालिकें, हजेरी, फी, आणि शेवटीं 'संशोधकाची मनोवृत्ति'. प्रत्येक वक्ता चांगला होता. तरी संध्याकाळीं मुलीला विचारलें, "काय लक्षांत राहिलें?" तर ती म्हणाली, "काका, ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढें."

यांत तिचा दोष नाहीं. ज्याची गरज अजून पडलेली नाहीं, तें मनांत राहत नाहीं. तिला पहिल्या आठवड्यांत ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या, त्या तिला प्रयोगशाळेंतील वृद्ध शिपायानें सांगितल्या. शीतकपाटाच्या कोणत्या कप्प्यांत कोणाच्या बाटल्या आहेत; दुपारीं तीननंतर नळाचें पाणी मंद होतें, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी सकाळींच भरून ठेवावें; वजनाचा कांटा खिडकी उघडी असतांना खोटें बोलतो; रसायनांची मागणी लिहून दिली तरी माल हातीं यावयास दोन महिने लागतात, म्हणून आज लागणार नाहीं तें आज मागवावें. या माणसाचें नांव कोणत्याही परिचयपत्रिकेंत नव्हतें. माझी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला विनंति आहे, कीं विभागप्रमुखांना नमस्कार करून झाला कीं दुसरा नमस्कार या माणसाला करावा.

आतां विषयाकडे येतों. तिच्या मार्गदर्शक बाईंनीं तिला विचारलें, "तुमच्याकडे काय पिकतें?" ती म्हणाली, "भात आणि वाल." बाई म्हणाल्या, "मग वालच घे." हें ऐकून घरांत हंशा पिकला. वाल शिकावयास मुंबईला कशाला जावयाचें? परंतु पुढें तिनें समजावून सांगितलें तें असें. आपल्या पोटांत ट्रिप्सिन नांवाचा एक पाचक पदार्थ असतो. तो अन्नांतील प्रथिनें फोडतो. कच्च्या वालांत त्याला अडविणारा दुसरा पदार्थ असतो. शिजविल्यानें त्याचा जोर बहुतांशीं मोडतो. आपल्या आज्या वाल भिजवीत, मोड आणीत, सोलून डाळिंब्या करीत आणि मग बिरडें शिजवीत, तें उगाच नव्हे. या पदार्थाचा जोर निरनिराळ्या वालांत किती आणि कोणत्या क्रियेनें तो किती कमी होतो, हें मोजणें हा तिचा विषय.

आणि येथें एक गोष्ट अशी निघाली, कीं जिच्यामुळें माझें त्या शास्त्राशीं नातें जुळलें. वालांतील याच पदार्थाचे स्फटिक वेगळे काढण्याचें काम मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत डॉ. कमला सोहोनी यांनीं आपल्या एका विद्यार्थ्यासह केलें होतें, आणि तें १९५५ सालीं 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकांत छापून आलें होतें. कमलाबाईंचें नांव मी ऐकून होतों तें दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून. पुतणीनें त्यांची हकीकत मिळवून मला दिली, आणि ती वाचून मी एक रात्र झोंपलों नाहीं.

कमला भागवत १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. झाल्या, रसायन मुख्य आणि पदार्थविज्ञान दुय्यम. वडील आणि चुलते दोघेही रसायनज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले. आपणही तेथेंच जावयाचें हें मुलीनें गृहीत धरलें होतें. अर्ज केला, तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळीं सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. तीनच वर्षांपूर्वीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें होतें. नाकारण्याचें कारण गुणांचें नव्हतें. अर्जदार स्त्री आहे, हें होतें. मुलगी बंगळूरला गेली आणि तिनें समक्ष जाब विचारला. ते दिवस सत्याग्रहाचे होते, आणि हाही एक सत्याग्रहच. शेवटीं प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष ती नियमित विद्यार्थिनी समजली जाणार नाहीं. काम पाहून संचालकांचें समाधान झालें तरच तें धरलें जाईल. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्रींसुद्धां, काम करावें लागेल. आणि तिच्यामुळें प्रयोगशाळेचें वातावरण बिघडतां कामा नये.

ही शेवटची अट वाचून मला संताप आला. परंतु तिनें त्या अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या या शिस्तीच्या शिक्षकांच्या हाताखालीं दूध आणि कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम सुरू केलें. वर्ष संपलें, संचालकांचें समाधान झालें, तिला नियमित प्रवेश मिळाला, आणि पुढें त्या संस्थेचें दार इतर मुलींना उघडलें. १९३६ सालीं ती एम्. एस्सी. झाली. नंतर केंब्रिज. तेथें सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागांत प्रथम डेरेक रिक्टर यांच्या प्रयोगशाळेंत बसावयास जागा मिळाली; पुढें रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करीत असतां बटाट्यांत तिला 'सायटोक्रोम सी' हा श्वसनक्रियेंतील पदार्थ आढळला. त्यावरून सिद्ध झालें, कीं तो केवळ प्राण्यांत नव्हे, तर वनस्पतींतही असतो. तिचा प्रबंध चाळीस पानांचा होता असें सांगतात. १९३९ सालीं डॉक्टरेट घेऊन बाई परत आल्या. दिल्लीस आणि कुन्नूरला काम केलें, १९४७ सालीं विवाह होऊन मुंबईस आल्या, आणि विज्ञानसंस्थेंत कडधान्यें, नीरा इत्यादि गरिबांच्या तोंडच्या पदार्थांवर आपल्या विद्यार्थ्यांकडून कामें करून घेतलीं. नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपति-पारितोषिक मिळालें, आणि पुढें त्याच संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. १९९८ सालीं त्या वारल्या.

चाळीस पानें! आमच्याकडे नव्या विद्यार्थ्यांची समजूत अशी असते, कीं प्रबंधाचें वजन किलोंत करतात.

पण माझ्या मनाला लागली ती त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. आपण येथें असावें कीं नसावें हें अजून ठरावयाचें आहे, अशा मनःस्थितींत ती मुलगी रोज सकाळीं प्रयोगशाळेचें दार उघडीत असली पाहिजे. आज कोणी तशी अट घालीत नाहीं. कायदाच तसें करूं देणार नाहीं. तरी तीच अट पुष्कळ मुली, आणि मुलगेही, स्वतःच स्वतःला घालून घेतात. 'मी येथें चुकून आलें आहें. हें लवकरच सर्वांच्या ध्यानांत येईल,' असें त्यांना वाटत असतें. हें मला कमलाबाईंच्या चरित्रावरून कळलें नाहीं. आमच्याच घरीं घडलें तेव्हां कळलें.

दसऱ्याच्या सुमारास पुतणीचा दूरध्वनि आला. आवाज बसलेला. तिचा प्रयोग जुळत नव्हता. वालाचें पीठ करून त्याचा अर्क काढावयाचा, त्यांत ट्रिप्सिन घालावयाचें, आणि एका पदार्थापासून जो पिवळा रंग सुटतो तो यंत्रानें मोजावयाचा. अर्कांत अडविणारा पदार्थ जितका अधिक, तितका पिवळेपणा कमी. सोमवारीं जो आंकडा येई, तो गुरुवारीं येत नसे. सात आठवडे हेंच चाललें होतें. बाई परगांवीं परिषदेला. त्यांच्या खोलीला कुलूप. बरोबरीचा एक मुलगा नित्य नवे आलेख दाखवीत असे. ती म्हणाली, "काका, मला हें जमणार नाहीं. मी घरीं येऊं का?"

आणि मीं काय केलें? मीं तिला सुभाषित ऐकविलें. उद्योगाची महती सांगणारें. वाचकांपैकीं अनेकांना तें पाठ असेल. त्याचा अन्वय लावून दाखविला. नंतर 'तूं लक्ष लावीत नसशील' असेंही म्हणालों. चाळीस वर्षांची संवय. गणित चुकलें कीं मुलाचें लक्ष नव्हतें, हें आमचें ठरलेलें निदान. ती "बरें" म्हणाली आणि तिनें फोन ठेवला. त्यानंतर तीन आठवडे तिचा फोन आला नाहीं. तिची आई स्वयंपाकघरांत माझ्याशीं बोलेनाशी झाली. आजीनें मात्र स्पष्ट सांगितलें, "तुला तिनें विचारलें, येऊं का. तूं हो कीं नाहीं तें सांगितलेंस का?"

मीं सांगितलें नव्हतें.

चौथ्या आठवड्यांत मी न कळवितां मुंबईस गेलों. तिनें मला प्रयोगशाळेच्या एका कोंपऱ्यांत स्टुलावर बसविलें आणि कशालाही हात न लावण्याची ताकीद दिली. तीन तास मी पाहत होतों. त्या तीन तासांत ती एकदांही इकडे तिकडे पाहिली नाहीं. नळ्यांवर नंबर, वहींत नंबर, घड्याळाकडे एक डोळा. पंधरा नळ्यांत थेंब थेंब टाकतांना तिचा श्वाससुद्धां ऐकूं येत नव्हता. लक्ष नसल्याचा आरोप मीं जिच्यावर केला होता ती ही मुलगी. शेवटीं यंत्रानें आंकडे दाखविले, तिनें ते लिहिले, आणि मागच्या पानाशीं ताडून पाहून वही मिटली. आंकडे जुळले नव्हते.

खालीं चहाच्या टपरीवर मीं तिची माफी मागितली. वडीलधाऱ्या माणसानें माफी मागणें आमच्याकडे रूढ नाहीं, ती बिचारी गोंधळली आणि म्हणाली, "काका, असें काय करतां!" मग मीं तिला तें सांगितलें, जें स्टुलावर बसून मला सुचलें होतें. शाळेंतील गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. जुळलें नाहीं तर चूक आपली, हें निश्चित. येथें शेवटचें पानच नाहीं. तेव्हां आंकडा जुळला नाहीं याचा अर्थ 'तूं चुकलीस' एवढाच होत नाहीं. कदाचित् वाल चुकले असतील, कदाचित् पाणी, कदाचित् आपण जो प्रश्न विचारला तोच.

तिला तें पटलें कीं नाहीं न कळे, पण ती चहाचा दुसरा पेला घ्यावयास तयार झाली. मग मीं तिला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची गोष्ट सांगितली. ही माझ्या अखत्यारींतील होती. महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें काम तेथें १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं पुरें झालें. १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. एकेका श्लोकासाठीं ताव आंखून, एका पोथींतील अक्षराखालीं दुसरीचें, तिच्याखालीं तिसरीचें, असे पाठभेद उतरून घ्यावयाचे. लेखकूची उघड चूक दिसली तरी ती आपल्या मनानें दुरुस्त करावयाची नाहीं. जशी आहे तशी लिहावयाची, कारण ती चूक कोणकोणत्या पोथ्यांत उतरली यावरूनच त्या पोथ्यांचें कूळ कळतें. मुख्य संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे मूळचे केंब्रिजचे गणिती. १९२५ पासून त्यांनीं हें काम हातीं घेतलें आणि १९४३ सालीं, काम अर्ध्यावर असतां, ते निवर्तले. शेवटचें पान त्यांनीं पाहिलें नाहीं. "तुझे न जुळणारे आंकडे खोडूं नकोस," मीं तिला म्हणालों. "ते पाठभेद आहेत."

गुरूविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपल्या घरांत मुलांना वळण असें, कीं गुरूपुढें बोलूं नये. शाळेंत तें चालून गेलें. संशोधनांत त्यानें मुलांचें नुकसान होतें. बाईंच्या खोलीला कुलूप पाहून आमची मुलगी तीन वेळां परतली. चिठ्ठी लिहून ठेवावी, संगणकावरून दोन ओळी पाठवाव्या, हें तिला उद्धटपणाचें वाटलें. पुढें तिनें धीर करून लिहिलें, तेव्हां बाईंचें उत्तर त्याच रात्रीं आलें. त्यांना वाटलें होतें, कीं मुलगी विचारीत नाहीं त्या अर्थीं काम सुरळीत चाललें आहे. प्रणिपाताच्या जोडीला परिप्रश्नही गीतेनेंच सांगितला आहे. आम्ही पहिलें तेवढें मुलांना शिकविलें आणि दुसरें विसरलों.

आणि प्रश्नच काय, गुरूच्या अपेक्षेविरुद्ध उत्तर आलें तरी तें मांडावें लागतें. इरावती कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. सासरे महर्षि अण्णासाहेब कर्वे यांना तें जाणें प्रथम पसंत नव्हतें. पति दिनकरराव यांनीं पाठविलें. तेथें त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते होते. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. या फरकाचा वंशाशीं संबंध असावा, अशी त्यांची अटकळ होती. बाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाहीं असें लिहिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, हाताखालची विद्यार्थिनी असतां! १९३० सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढें १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं पिढ्या घडविल्या, हें सर्वांना ठाऊक आहे.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर माझें लिहिणें एकांगी होईल. प्रत्येकाला ही पदवी मिळतेच असें नाहीं, आणि न मिळणें म्हणजे आयुष्य वायां जाणें नव्हे. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई याही संशोधनासाठीं मध्यप्रांतांत गोंडांमध्यें गेल्या होत्या. तेथें विषबाधा होऊन त्या कित्येक वर्षें अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध राहिला तो राहिलाच. त्या दुर्गाबाई १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्य-संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि तेथें काय बोलल्या, हें माझ्या पिढीला सांगावयास नको. एका घरांतल्या दोन बहिणी. एक डॉक्टर झाली, एक झाली नाहीं. टपरीवरून उठतांना मीं पुतणीला आजीच्या प्रश्नाचें उत्तर दिलें: "घरीं यावयाचें असेल तर ये. तुझी खोली तशीच आहे. पण येशील ती ठरवून ये, पळून येऊं नकोस." ती म्हणाली, "समितीपर्यंत थांबतें."

घरच्यांनीं या काळांत काय करावें, हें मला पुष्कळ लोक विचारतात. मुख्यतः प्रश्न विचारणें कमी करावें. 'किती झालें?' हा प्रश्न भाकरीला शोभतो, संशोधनाला शोभत नाहीं. स्थळांचा विषय आमच्या घरींही निघाला. तेवीस पुरीं झालेली मुलगी, तेव्हां निघणारच. मुलीच्या आईनेंच निकाल दिला, कीं तिनें आपण होऊन सांगेपर्यंत कोणाची पत्रिका घरांत यावयाची नाहीं. आणि सणाला घरीं आलेल्या मुलीला नातेवाइकांपुढें उभें करून 'आमची डॉक्टर' म्हणून मिरवूं नये. ती अजून झालेली नाहीं, आणि तो शब्द तिला टोंचतो.

जुन्या प्रबंधांविषयीं एक उपयुक्त माहिती देऊन ठेवतों. भारतांतील विद्यापीठांचे प्रबंध हल्लीं 'शोधगंगा' नांवाच्या भांडारांत संगणकावर ठेवलेले असतात आणि कोणालाही विनामूल्य वाचतां येतात. नव्या विद्यार्थ्यानें आपल्या विषयावरील दोन तीन प्रबंध काढून त्यांची शेवटचीं प्रकरणें आधीं वाचावीं. आपल्या पूर्वीच्यांना काय जमलें नाहीं, तें तेथें बहुधा प्रामाणिकपणें लिहिलेलें असतें. आमच्या मुलीला तेथेंच धागा सांपडला. एका प्रबंधांत बियाण्याची जात, शेत आणि काढणीचा काळ प्रत्येक नमुन्यापुढें नोंदलेला होता. तिनें आपली वही उघडून पाहिली. तिच्या वहींत 'वाल, १ किलो, बाजार' एवढेंच होतें. दर वेळीं वाल संपले कीं ती कोंपऱ्यावरच्या वाण्याकडून नवे आणीत असे. त्याच्या पोत्यांत कोठकोठले वाल एकत्र झाले असतील, कोणते ताजे आणि कोणते दोन वर्षांचे जुने असतील, तें त्यालाही सांगतां आलें नसतें. सोमवार आणि गुरुवार जुळणार कसे? दोन पोथ्यांची पानें एकांत मिसळून कोणी पाठ ठरवावा, तशांतली ही गत.

जानेवारींत समिति झाली. तिनें आलेख एकच दाखविला, आणि तोही न जुळणाऱ्या आंकड्यांचा. आणि कारण काय असावें तें सांगितलें. समितींतील एका गृहस्थांनीं विचारलें, "मग आतां काय करणार?" ती म्हणाली, "गांवाहून वाल आणणार." समितीनें पुढील सहा महिन्यांच्या कामाला मान्यता दिली.

त्या वर्षीं फाल्गुनांत कशेळ्याच्या आमच्या खळ्यावर मीं जितक्या काळजीनें वाल वेंचले, तितक्या काळजीनें कधीं परीक्षेचे पेपरही तपासले नसतील. आमच्या दोन शेतांतले निराळे, शेजाऱ्यांचे निराळे, नदीकडल्या एका खाचरांतले निराळे. अशा सात पिशव्या शिवल्या. प्रत्येकीवर शेताचें नांव, पेरणारांचें नांव, पेरणीचा आणि काढणीचा दिवस माझ्या वळणदार अक्षरांत लिहिला, आणि त्या मुंबईस जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"काका, वाल पोंचले. अक्षर फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण पेरणी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी आणि काढणी फाल्गुन वद्य द्वितीया, हें मी संगणकांत कसें घालूं? तारखा कळवा."

पंचांग घेऊन बसलों आहें.